लघु द्वीपराष्ट्रांच्या शाश्वत विकासासाठी अभियांत्रिकी संशोधन : एक चिकित्सक मूल्यमापन

सारांश

लघु द्वीपराष्ट्रांच्या विकासप्रश्नांवर गेल्या चार दशकांत विपुल अभियांत्रिकी संशोधन झाले. किनारासंरक्षण, गोडे पाणी आणि ऊर्जा ही त्याची तीन प्रमुख क्षेत्रे होत. या संशोधनाचे मूल्यमापन बहुधा उभारलेल्या यंत्रणेच्या क्षमतेवरून केले जाते. प्रस्तुत लेखात मालदीव, तुवालू, नौरू, मॉरिशस व बार्बाडोस या देशांतील, तसेच तुलनेसाठी लक्षद्वीपमधील प्रत्यक्ष उदाहरणे घेऊन हा निकष अपुरा कसा ठरतो याची चिकित्सा केली आहे.

प्रस्तावना

१९९२ साली रिओ दि जानेरो येथे झालेल्या पर्यावरण व विकास परिषदेत लघु द्वीपराष्ट्रांचा एक स्वतंत्र गट म्हणून विचार झाला. १९९४ चा बार्बाडोस कृती कार्यक्रम, २००५ ची मॉरिशस व्यूहनीती, २०१४ चा सामोआ मार्ग आणि २०२४ साली अँटिग्वा व बार्बुडा येथे पुढील दशकासाठी स्वीकारलेला कार्यक्रम हे त्या विचाराचे पुढचे टप्पे होत. या प्रत्येक दस्तऐवजात विज्ञान, तंत्रज्ञान आणि क्षमताबांधणी यांचा आवर्जून उल्लेख आढळतो. मर्यादित भूमी, तुटपुंजे गोडे पाणी, आयात इंधनावरील अवलंबित्व, बाजारपेठांपासूनचे अंतर आणि नैसर्गिक आपत्तींचा धोका ही या राष्ट्रांची समान लक्षणे मानली जातात. जगाच्या एकूण हरितगृह वायूंच्या उत्सर्जनात त्यांचा वाटा एक टक्क्याहूनही कमी आहे. परिणामांचा भार मात्र त्यांच्यावर सर्वाधिक पडतो. २०१७ च्या मारिया चक्रीवादळाने डोमिनिका या देशाची जी हानी केली, ती त्या देशाच्या वार्षिक सकल उत्पन्नाच्या दुपटीहून अधिक होती, ही एकच गोष्ट या विषमतेची कल्पना देण्यास पुरेशी आहे.

अशा परिस्थितीत अभियांत्रिकीकडे आशेने पाहिले जावे हे स्वाभाविक आहे. परंतु आशा आणि मूल्यमापन या दोन भिन्न गोष्टी होत. बेटांवरील प्रकल्पांविषयीचे लेखन वाचताना एक बाब ठळकपणे जाणवते : यंत्रणेची क्षमता, खर्च आणि उद्घाटनाचे वर्ष यांची नोंद सविस्तर असते, ती यंत्रणा दहा वर्षांनंतर कोण चालवतो, तिचे सुटे भाग कोठून येतात आणि ती बंद पडली तर रहिवाशांपाशी काय उरते, याविषयी फारच थोडे लिहिलेले असते. म्हणून येथे तीन प्रश्न निकष म्हणून स्वीकारले आहेत. संशोधनाचा प्रश्न कोणी निश्चित केला? उभारलेल्या यंत्रणेची निगा कोण राखतो? आणि यंत्र थांबले तर काय उरते?

किनारासंरक्षण : भिंतीचे यश आणि भिंतीची मर्यादा

मालदीवमध्ये सुमारे १,२०० बेटे असून त्यांपैकी दोनशेहून कमी बेटांवर लोकवस्ती आहे. देशाची ऐंशी टक्क्यांहून अधिक भूमी समुद्रसपाटीपासून एक मीटरपेक्षा कमी उंचीवर आहे. एप्रिल १९८७ मध्ये दूरच्या वादळांमुळे उठलेल्या लाटांनी राजधानी मालेचा मोठा भाग जलमय केला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये राष्ट्राध्यक्ष मौमून अब्दुल गयूम यांनी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत समुद्रपातळीच्या वाढीचा प्रश्न मांडला. पुढे मुख्यतः जपानच्या अर्थसाहाय्याने मालेभोवती काँक्रीटचे टेट्रापॉड आणि संरक्षक भिंती टप्प्याटप्प्याने उभारण्यात आल्या. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत शहरात पाणी शिरले, तरी मालेची मोठी हानी टळली. त्याचे श्रेय या भिंतींना दिले जाते आणि ते रास्तही आहे.

तथापि याच त्सुनामीने दुसरी बाजूही उघड केली. रा प्रवाळवलयातील कांदोलहुधू हे दाट वस्तीचे बेट राहण्यायोग्य उरले नाही आणि तेथील लोकांना काही वर्षांनी धुवाफारू या नव्याने वसवलेल्या बेटावर जावे लागले. राजधानीला जे संरक्षण मिळाले, ते शेकडो विखुरलेल्या बेटांना देणे कोणत्याही अर्थसंकल्पाला परवडणारे नाही. परिणामी संरक्षणाचे तंत्रच लोकवस्तीचे धोरण ठरवू लागते. भिंत जेथे बांधता येते तेथे लोक एकवटतात. १९९७ मध्ये भराव घालण्यास आरंभ झालेले आणि समुद्रसपाटीपासून सुमारे दोन मीटर उंच ठेवलेले हुलहुमाले हे कृत्रिम बेट या प्रवृत्तीचे पुढचे पाऊल होय. ते अभियांत्रिकीच्या दृष्टीने यशस्वी आहे. परंतु लहान बेटावर पिढ्यान्पिढ्या राहणाऱ्या समाजाने आपले बेट सोडावे की नाही, हा निर्णय तांत्रिक आराखड्याच्या आड घेतला जातो, ही त्यातील गंभीर बाब आहे.

येथे भूरूपशास्त्रीय संशोधनाची दखल घेणे अगत्याचे ठरते. आर्थर वेब आणि पॉल केंच यांनी २०१० मध्ये मध्य पॅसिफिकमधील २७ प्रवाळबेटांच्या जुन्या व नव्या हवाई छायाचित्रांची तुलना केली. त्यांत बहुसंख्य बेटांचे क्षेत्रफळ स्थिर राहिल्याचे किंवा वाढल्याचे आढळले. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुवालूच्या १०१ बेटांवरील अभ्यासातही चार दशकांत एकूण भूक्षेत्रात सुमारे २.९ टक्के वाढ झाल्याचे दिसून आले. या निष्कर्षांचा आधार घेऊन समुद्रपातळीचा धोका अतिरंजित असल्याचे सांगणारे लोक निघाले, तर काहींनी हे निष्कर्ष गैरसोयीचे म्हणून बाजूस सारले. दोन्ही प्रतिक्रिया सदोष आहेत. या अभ्यासांचा खरा अर्थ असा की प्रवाळबेट ही निश्चल भूमी नव्हे. प्रवाळखडकावर तयार होणारी वाळू आणि खडी लाटांनी वाहून येते, एका बाजूची झीज होते आणि दुसऱ्या बाजूस भर पडते. बेट जिवंत राहते ते या हालचालीमुळे. प्रवाळ निरोगी असेल तरच हा गाळ निर्माण होतो.

यातून संरक्षक भिंतीविषयी एक मूलभूत अडचण उभी राहते. भिंत किनारा जागेवर रोखून धरते. पण किनाऱ्याची हालचाल हीच तर बेटाच्या टिकावाची प्रक्रिया आहे. भिंतीमुळे गाळाचा प्रवाह अडतो, शेजारच्या किनाऱ्याची झीज वाढते आणि मग तेथेही भिंत मागितली जाते. दाट वस्तीच्या राजधानीत भिंतीला पर्याय नाही हे मान्य करूनही, विरळ वस्तीच्या बेटावर तोच आराखडा नेणे शास्त्रीय म्हणता येणार नाही. शिवाय क्षेत्रफळ कायम राहिले म्हणजे बेट वसतियोग्य राहिले असेही नव्हे. कर्ट स्टोरलाझी आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये मार्शल बेटांतील अभ्यासाच्या आधारे दाखवले की, लाटांमुळे वारंवार येणारे पूर गोड्या पाण्याचे साठे खारट करतील आणि या शतकाच्या मध्यापर्यंत अनेक प्रवाळबेटे भूमी शिल्लक असतानाही राहण्यास अयोग्य होतील. म्हणजे प्रश्न जमिनीइतकाच पाण्याचाही आहे.

तुवालूमध्ये हरित हवामान निधी व संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रम यांच्या साहाय्याने फुनाफुती येथे सात हेक्टरांहून अधिक उंच भूमी भराव घालून तयार करण्यात आली. हे काम २०२३ मध्ये पूर्ण झाले. त्याच वर्षी तुवालूने ऑस्ट्रेलियाशी केलेल्या करारात नागरिकांच्या स्थलांतराची तरतूद समाविष्ट झाली. एकाच वर्षी भूमी उंच करण्याचे काम पुरे व्हावे आणि देश सोडण्याच्या मार्गाचीही करारात तरतूद व्हावी, यातून अभियांत्रिकी उपायांवर टाकलेल्या भाराचे स्वरूप स्पष्ट होते.

गोडे पाणी : भिंग, यंत्र आणि अवलंबित्व

प्रवाळबेटावर नदी नसते. पावसाचे पाणी सच्छिद्र भूमीत मुरते आणि जड खाऱ्या पाण्यावर भिंगाच्या आकारात तरंगत राहते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गायबेन व हर्झबर्ग यांनी मांडलेल्या सूत्रानुसार समुद्रपातळीच्या वर गोड्या पाण्याची उंची एक मीटर असेल, तर पातळीखाली सुमारे चाळीस मीटर खोल गोडे पाणी असू शकते. या सूत्राची उलट बाजू अधिक महत्त्वाची आहे : उपसा करून वरची पातळी थोडीशी जरी घटवली, तरी खालून खारे पाणी त्याच्या कितीतरी पट वर सरकते. मालेत लोकसंख्या वाढली, उपसा वाढला, सांडपाणी मुरले आणि हे भिंग निकामी झाले. शहर पूर्णतः समुद्राच्या पाण्याच्या निःक्षारीकरणावर अवलंबून राहिले.

४ डिसेंबर २०१४ रोजी मालेच्या निःक्षारीकरण केंद्रात आग लागली आणि एक लाखाहून अधिक लोकांचा पाणीपुरवठा थांबला. भारताने विमाने व नौदलाची जहाजे पाठवून पाणी पोहोचवले. इतर देशांनीही साहाय्य केले. या घटनेचा उल्लेख बहुधा शेजारधर्माचे उदाहरण म्हणून होतो आणि तो यथार्थ आहे. परंतु अभियांत्रिकी संशोधनाच्या दृष्टीने ती कठोर परीक्षा होती. यंत्र थांबले तेव्हा त्या शहरापाशी साठवणीचा दुसरा आधार जवळजवळ उरला नव्हता. छपरावरील पावसाचे पाणी टाक्यांत साठवण्याची जी पद्धत बेटांवर रूढ होती, ती राजधानीत मागे पडली होती. नव्या तंत्राने जुन्या व्यवस्थेला जोड द्यायची असते. येथे तिची जागाच घेतली गेली.

याच संदर्भात लक्षद्वीपमधील प्रयोग विचारार्ह ठरतो. लक्षद्वीप हा भारताचा केंद्रशासित प्रदेश आहे, द्वीपराष्ट्र नव्हे. परंतु भूरचना व पाणीप्रश्न मालदीवसारखाच आहे, आणि मिनिकॉय बेटाची भाषाही मालदीवच्या दिवेही भाषेचेच एक रूप आहे. चेन्नई येथील राष्ट्रीय समुद्र प्रौद्योगिकी संस्थेने २००५ मध्ये कवरत्ती येथे दिवसाला एक लाख लिटर क्षमतेचा कमी तापमानावर चालणारा औष्णिक निःक्षारीकरण प्रकल्प उभारला. समुद्राच्या पृष्ठभागावरील सुमारे २८ अंश सेल्सिअस तापमानाचे पाणी कमी दाबाच्या कक्षात सोडले की त्याचा काही भाग वाफ होतो. शेकडो मीटर खोलीवरून नळीने आणलेल्या थंड पाण्याने ती वाफ थंड केली की गोडे पाणी मिळते. प्रवाळबेटाचा किनारा एकदम खोल उतरत असल्याने थंड पाणी जवळच उपलब्ध असते. बेटाच्या स्वाभाविक रचनेचाच उपयोग करून घेणारी ही कल्पना आहे. २०११ मध्ये मिनिकॉय व अगत्ती येथे आणि त्यानंतर आणखी काही बेटांवर असे प्रकल्प सुरू झाले.

या प्रयोगाचे महत्त्व दुहेरी आहे. प्रश्न बेटाच्या गरजेतून आला होता आणि एकाच संस्थेने तो सातत्याने हाताळला. तमिळनाडूच्या किनाऱ्याजवळ सागरी औष्णिक ऊर्जेचा एक मेगावॅटचा तरंगता प्रकल्प खोल पाण्याच्या नळीच्या अपघातांमुळे पूर्ण होऊ शकला नव्हता, हा अनुभव त्या संस्थेच्या गाठीशी होता. मात्र मर्यादाही नोंदवली पाहिजे. पंप व निर्वात यंत्रणा चालवण्यासाठी लागणारी वीज बेटावर मुख्यतः डिझेलवर तयार झाली, म्हणजे पाणी स्थानिक असले तरी त्यामागचे इंधन मुख्य भूमीवरून येत राहिले. सागरी औष्णिक ऊर्जेवरच निःक्षारीकरण चालवण्याचे काम त्या संस्थेने हाती घेतले, ते या त्रुटीची जाणीव असल्यामुळेच.

याउलट नौरूचे उदाहरण पाहावे. १९८१ मध्ये एका जपानी वीज कंपनीने तेथे सागरी औष्णिक ऊर्जेचे प्रायोगिक केंद्र उभारले. त्यातून प्रत्यक्ष वीज निर्माण होऊन ती बेटावर वापरलीही गेली, म्हणून तंत्रज्ञानाच्या इतिहासात त्याला मानाचे स्थान आहे. परंतु प्रयोग अल्पकाळच चालला. त्यातून मिळालेले ज्ञान संशोधकांच्या देशात गेले. नौरूच्या ऊर्जाव्यवस्थेत काहीही मागे उरले नाही. बेटाचा प्रयोगशाळा म्हणून उपयोग आणि बेटासाठी संशोधन यांतील अंतर याहून स्पष्टपणे दाखवणारे उदाहरण क्वचितच सापडेल.

ऊर्जा : मॉरिशस आणि बार्बाडोस

मॉरिशसचा उल्लेख मराठी वाचकाला परका वाटण्याचे कारण नाही. १८३४ नंतर करारबद्ध मजूर म्हणून त्या बेटावर गेलेल्यांत कोकणातील मराठी कुटुंबेही होती. त्यांचे वंशज आजही तेथे आहेत. ज्या उसासाठी हे मजूर नेले गेले, त्याच उसाच्या चोथ्यातून पुढे वीज निर्माण झाली. मॉरिशसमधील ऊस संशोधन संस्था १९५३ पासून कार्यरत आहे. साखर कारखान्यांतील जादा वीज सार्वजनिक वाहिनीस देण्याची प्रथा तेथे १९५० च्या दशकातच सुरू झाली आणि १९९१ च्या बगॅस ऊर्जा विकास कार्यक्रमाने तिला योजनाबद्ध रूप दिले. अधिक दाबाचे बॉयलर, कारखान्यातील वाफेची बचत आणि कारखान्यांचे एकत्रीकरण यांमुळे बगॅसपासून मिळणारी वीज वाढली. महाराष्ट्रातील सहवीज प्रकल्पांच्या चर्चेत मॉरिशसचा दाखला दिला जातो तो याच कारणाने.

परंतु या यशकथेचे बारकाईने वाचन आवश्यक आहे. बगॅस केवळ गळीत हंगामात उपलब्ध असते; वीज मात्र वर्षभर लागते. म्हणून ही केंद्रे हंगामाबाहेर आयात कोळशावर चालवण्याची रचना स्वीकारली गेली. २०१० नंतरच्या दशकात मॉरिशसच्या विजेत कोळशाचा वाटा बगॅसच्या दुपटीहून अधिक झाला होता. नवीकरणीय ऊर्जेसाठी उभारलेल्या भट्ट्यांनीच कोळशाला बेटावर कायमची जागा करून दिली, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरणार नाही. त्यातच युरोपीय संघाने २००६ पासून साखरेच्या खरेदी दरात ३६ टक्के कपात केली, २००९ मध्ये जुना साखर करार संपुष्टात आला आणि उसाखालील क्षेत्र घटत गेले. ऊस घटला की बगॅसही घटते. ऊर्जेचा प्रश्न अभियांत्रिकीचा म्हणून सोडवला गेला. त्याचे मूळ मात्र परदेशातील बाजारपेठेच्या निर्णयात होते. २०२१ मध्ये मॉरिशसने २०३० पर्यंत कोळशाचा वापर थांबवण्याचे उद्दिष्ट जाहीर केले. उसाचे पाचट आणि इतर जैवभार यांचा त्यासाठी विचार होतो, तो या दोन्ही मर्यादा ध्यानात घेऊनच तपासला पाहिजे.

बार्बाडोसचे उदाहरण यापेक्षा साधे आहे आणि म्हणूनच उपेक्षित राहते. १९७० च्या दशकातील तेल टंचाईच्या काळात तेथे सौर बंबांचे स्थानिक उत्पादन सुरू झाले. १९७४ च्या करसवलतीच्या कायद्याने बंबाच्या कच्च्या मालावरील आयात शुल्क माफ केले आणि विजेच्या बंबांवर कर बसवला. पुढे घरमालकांनाही प्राप्तिकरात सूट मिळाली. परिणामी हजारो घरांच्या छपरांवर बेटावरच तयार झालेले, बेटावरचाच कारागीर दुरुस्त करू शकेल असे बंब बसले. येथे संशोधन कमी होते, असा आक्षेप घेतला जातो. तो मान्य करता येत नाही. टाकीचे गंजणे, खारट हवा, वादळात छपरावरील बांधणीचा टिकाव आणि किंमत हे सर्व अभियांत्रिकीचेच प्रश्न होत. ते प्रयोगशाळेत कमी आणि कार्यशाळेत अधिक सोडवले गेले इतकेच. निगा कोण राखणार, या प्रश्नाला बार्बाडोसमध्ये आरंभापासूनच उत्तर होते.

एक आक्षेप आणि त्याचा विचार

वरील विवेचनावर असा आक्षेप येऊ शकतो की, सुमारे अकरा हजार लोकसंख्येचा तुवालूसारखा देश स्वतःची संशोधनव्यवस्था उभारूच शकत नाही. तेव्हा बाह्य निधी आणि बाह्य तज्ज्ञ अपरिहार्य होत. या आक्षेपात तथ्य आहे. परंतु अवलंबित्व अपरिहार्य असले तरी त्याचे स्वरूप अपरिहार्य नसते. १९६८ मध्ये स्थापन झालेले दक्षिण पॅसिफिक विद्यापीठ हे अनेक द्वीपराष्ट्रांनी मिळून चालवलेले आहे. कॅरिबियनमध्ये वेस्ट इंडीज विद्यापीठाची परंपरा त्याहून जुनी आहे. एकट्याने जे शक्य नाही ते समूहाने शक्य होते, याचे हे दाखले होत. निधी बाहेरून आला तरी प्रश्नाची निवड, मोजमापांच्या नोंदींची मालकी आणि निगेचे प्रशिक्षण यांवर बेटाचा अधिकार राहू शकतो. तसे झाले नाही तर प्रकल्पाची मुदत संपताच ज्ञानही परत जाते.

दुसरा मुद्दा विद्याशाखांचा. लाटेची उंची सांगणारा अभियंता, गाळाची वाट सांगणारा भूरूपशास्त्रज्ञ, कराची रचना सुचवणारा अर्थतज्ज्ञ आणि बेट सोडण्याचा अर्थ जाणणारा समाजशास्त्रज्ञ हे बहुधा एकमेकांचे लेखन वाचत नाहीत. मालेच्या भिंतीवरील निबंधात स्थलांतराचा विचार नसतो आणि स्थलांतरावरील निबंधात गाळाचा नसतो. आंतरविद्याशाखीय संशोधनाची भाषा सर्वत्र ऐकू येते. या विषयात मात्र ती गरजेची बाब आहे, कारण येथे एका शाखेची चूक दुरुस्त करण्याइतकी मोकळी भूमीच उपलब्ध नाही.

निष्कर्ष

उपरोक्त चिकित्सेतून काही निष्कर्ष हाती येतात. एक, किनारासंरक्षणाच्या संशोधनाने बेटाला स्थिर भूमी मानणे सोडून त्याच्या गाळप्रक्रियेचा व प्रवाळाच्या आरोग्याचा विचार आराखड्याच्या आरंभीच केला पाहिजे. दोन, पाणी आणि ऊर्जा यांच्या नव्या यंत्रणा जुन्या साठवण पद्धतींना पूरक म्हणून उभ्या राहाव्यात. एका यंत्रावर संपूर्ण वस्तीचा भार टाकणारी रचना कितीही कार्यक्षम असली तरी ती शाश्वत म्हणता येत नाही. तीन, यंत्रणेचे मूल्यमापन उद्घाटनाच्या दिवशीच्या क्षमतेवरून न करता दहा वर्षांनंतरच्या अवस्थेवरून व्हावे. चार, ऊर्जेसारख्या प्रश्नांत कर, बाजारपेठ आणि धोरण यांना अभियांत्रिकीच्या बाहेरचे घटक मानणे सोडून द्यावे. मॉरिशसची अडचण आणि बार्बाडोसचे यश या दोहोंचे मूळ तेथेच आहे.

मोठ्या देशात एखादा प्रकल्प फसला तर तो एका जिल्ह्याचा तोटा ठरतो आणि लोक शेजारच्या जिल्ह्यात जाऊ शकतात. लघु द्वीपराष्ट्रात शेजारचा जिल्हा नसतो. तेथे संशोधनाचा चुकीचा प्रश्न निवडला गेला, तर त्याची किंमत एका समाजाला आपली भूमी, पाणी आणि भाषेचा परिसर गमावून द्यावी लागू शकते. म्हणूनच या क्षेत्रातील अभियांत्रिकी संशोधनाची चिकित्सा ही तंत्रज्ञांपुरती राखून ठेवण्याची बाब नव्हे. सर्व विद्याशाखांच्या अभ्यासकांनी ती आपली जबाबदारी मानणे अगत्याचे आहे.